लॉटरी आणि सकाळचा नाश्ता

लॉटरी लागली तर आपण सुखी होऊ का? अमेरिकेत फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी १९७८ साली हे तपासून पाहिलं. इलिनॉय राज्यातल्या २२ लॉटरी विजेत्यांना त्यांनी विचारलं, की नाश्ता, मित्राशी गप्पा, एखादा विनोद यांतून तुम्हाला किती आनंद मिळतो? लॉटरी न लागलेल्यांपेक्षा विजेत्यांनी तो कमी सांगितला. एकंदर सुखातही ते फारसे पुढे नव्हते.

बावीस माणसांवरून सिद्धान्त मांडू नये, हे खरंच. पण संशोधकांचा तर्क आपल्या कामाचा आहे. मोठ्या सुखाची सवय होते. शिवाय पुढचं सगळं आपण त्याच मापाने मोजू लागतो.

मग छोटी सुखं का टिकतात? पुण्याचा जुना बाजार घ्या. पुढच्या पथारीवर पितळी किटली असेल की किल्ली हरवलेलं कुलूप, सांगता येत नाही. दर वेळी काही वेगळं, म्हणून सवय जडत नाही. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते अशा घरगुती वस्तू जमवल्या, त्यातून पुण्यात संग्रहालय उभं राहिलं. चार अडकित्ते शेजारी ठेवले, की पाचव्यातला फरक दिसू लागतो. रोजच्या फेरफटक्याचंही तसंच. रस्ता तोच, पण बहावा कधी फुलला हे कळायला नजर तयार व्हावी लागते.

आपण म्हणतो, कर्ज फिटू दे, मुलं मार्गी लागू देत, मग निवांत जगू. पण तोवर चवीने नाश्ता करायची सवयच मोडली असेल तर?