नाटकाला जाऊ या, घरी शिवलेल्या पोशाखात



येत्या हिवाळ्यात आपल्या शाळेच्या सहावी व सातवीच्या अठ्ठेचाळीस मुलामुलींना आम्ही ‘संगीत सौभद्र’चा प्रयोग पाहायला नेणार आहोत. ह्या सहलीसाठी सर्व मुले एका पद्धतीचा मराठी पोशाख घालतील आणि तो पोशाख शाळेत व घरी मिळून शिवला जाईल, असे ठरले आहे. ठरल्यापासून पालकांचे बरेच प्रश्न आले. मुले तर फक्त नाटक पाहणार, मग पोशाख कशाला? भाड्याने का आणू नये? ज्याला जसा परवडेल तसा ज्याने त्याने शिवून घ्यावा, हे सोपे नाही का? ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे आणि शिवण्याची पूर्ण रीत एकाच जागी मिळावी म्हणून हा लेख.

पोशाख कशासाठी?

‘संगीत सौभद्र’ हे अण्णासाहेब किर्लोस्करांचे 1882 सालचे नाटक. त्याच्या दोन वर्षे आधी, 1880 साली, त्यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले होते. सौभद्राची कथा मुलांना वर्गात सांगून झाली आहे. बलरामदादा सुभद्रेचा विवाह दुर्योधनाशी लावू पाहतात, तिचे मन मात्र अर्जुनावर आहे. श्रीकृष्णाच्या युक्तीने अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन द्वारकेत येतो आणि प्रत्यक्ष बलराम त्या यतीचा आदरसत्कार करतात. म्हणजे सगळे नाटक एका पोशाखावर फिरते. अंगावरची वस्त्रे बदलली की माणसाकडे पाहण्याची जगाची नजर कशी बदलते, हे ज्या मुलाने स्वतः एक बंडी शिवून घातली आहे त्याला अधिक चांगले समजेल.

दुसरे कारण आपल्या घरचे आहे. इंदूरमध्ये मराठी नाटकाला आजही चांगली गर्दी होते, पण त्या गर्दीत पांढरे केस जास्त दिसतात. आपली मुले घराबाहेर पडली की हिंदी बोलतात. काही मुले घरातही हिंदीच बोलतात, आणि काहींच्या घरी मराठी मुळीच नाही. त्यात वाईट काही नाही. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली आहे. परंतु नाट्यगृहाच्या दारात ह्या मुलांना आपण चुकून कुठे आलो असे वाटू नये, ही जागा आपलीही आहे असे वाटावे, ही आमची इच्छा आहे. अठ्ठेचाळीस मुले एका वेषात एकत्र आत शिरतात, तेव्हा कोणीही एकटा राहत नाही.

भाड्याने किंवा ज्याचे त्याने का नाही?

भाड्याच्या पोशाखाचे पैसे एका संध्याकाळी संपतात, मापाला तो कोणालाच नीट बसत नाही आणि मुलाच्या हाती काही शिल्लक राहत नाही. ज्याने त्याने शिवायचे म्हटले तर एका मुलीच्या अंगावर रेशीम येईल आणि दुसरी त्या दिवशी ‘ताप आला’ असे कारण सांगून घरी राहील. असे कारण सांगणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिली आहेत. काही पालकांनी आपल्या मुलीसाठी शिंप्याकडून भरजरी परकर शिवून घेण्याची तयारी दाखवली. त्यांच्या उत्साहाचे कौतुक आहे, पण ह्या वेळी नम्रपणे नाही म्हणावे लागत आहे.

म्हणून आम्ही अशी व्यवस्था केली आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी वापरलेली, धुतलेली सुती साडी शाळेत द्यावी. सर्व साड्या एका ढिगात ठेवल्या जातील. कोणत्या साडीतून कोणाचा कपडा निघेल, हे चिठ्ठ्या टाकून ठरेल. साडी कोणी दिली याची यादी फळ्यावर लागणार नाही आणि ज्यांनी दिली नाही त्यांना कोणी विचारणार नाही. विश्वस्तांच्या घरची साडी शाळेच्या मावशींच्या नातीला मिळेल, मावशींची साडी डॉक्टरांच्या मुलाच्या बंडीला लागेल. वेगवेगळ्या साड्यांचे हे कपडे एकाच संचाचे दिसावेत म्हणून सर्व मुलींचे पोलके एकाच खणाचे राहील, आणि मुलांचा सदरा-लेंगा पांढरा राहील. तो बहुतेक घरी असतोच. ज्यांच्याकडे नसेल त्यांनी वर्गशिक्षकांना सांगावे.

कापडाचा हिशेब

विद्यार्थी मित्रांनो, हा भाग वही घेऊन वाचा. मुली सव्वीस आणि मुले बावीस आहेत. नेहमीची साडी सुमारे साडेपाच मीटर लांब आणि 110 सेंटिमीटरच्या आसपास रुंद असते. एका परकराच्या घेराला 2.25 मीटर कापड लागते, म्हणून एका साडीतून दोन परकर निघतात आणि एक मीटर उरते. एका बंडीला 75 सेंटिमीटर लागतात, म्हणजे त्या उरलेल्या तुकड्यात एक बंडी बसते. सव्वीस परकरांना तेरा साड्या लागतील आणि त्यांतच तेरा बंड्याही निघतील. उरल्या नऊ बंड्या. त्यांना दोन साड्या पुरतात. एकूण पंधरा साड्या झाल्या. जुनी साडी कुठे ना कुठे विरलेली असते, म्हणून तीन जास्त धरून अठरा साड्या हव्या आहेत. कोणी नऊवारी दिली तर उत्तमच. तिची लांबी आठ मीटरच्या थोडी वर असते. तिच्यातून तीन परकर काढून एक बंडीही होईल.

विकत घ्यायचे सामान थोडे आहे: पोलक्यांसाठी प्रत्येकी एक मीटरप्रमाणे सव्वीस मीटर खण, बंड्यांच्या अस्तराला सतरा मीटर मांजरपाट (आपल्या बाजारात ‘लट्ठा’ म्हणून मागावा), प्रत्येक परकराला दीड मीटर नाडी, बटणे आणि दोरा. हे सामान शाळा एकत्र आणील. घाऊक बाजारात एकाच ताग्यातून घेतले की रंगही एक राहतो.

साडी निवडणे व तयार करणे

प्रत्येक साडी उजेडासमोर धरून पाहावी. जिथून उजेड फार येतो तिथे दोन अंगठ्यांनी हलके ताणावे. धागे सरकले तर ती जागा खडूने खूण करून टाळावी. पांढरा ओला रुमाल कापडावर घासून रंग जातो का तेही पाहावे. नाहीतर सदऱ्यावर डाग पडतील. मांजरपाट व खण कापण्याच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवणे अत्यंत आवश्यक आहे. कोरे सुती कापड पहिल्या धुण्यात आटते. आधी शिवून मग धुतले तर अस्तर आटते, वरचे कापड तसेच राहते आणि बंडी गोळा होते.

मापे

मापे फक्त सेंटिमीटरमध्ये घ्यायची आहेत. टेपच्या एका बाजूला इंच असतात, दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. दोन माणसांनी दोन बाजू वाचल्या तर कापड वाया जाते. परकरासाठी कंबर आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची, पोलक्यासाठी छाती, खांदा व बाही, बंडीसाठी छाती, खांदा आणि लांबी, एवढे पुरे. परकराच्या उंचीतून पाच सेंटिमीटर कमी करावेत. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर अंधार असतो, लांब परकर पायात अडकतो. पोलक्याच्या छातीच्या मापात बारा सेंटिमीटर ढिलाई धरावी. इंदूरची हिवाळ्यातली रात्र थंड असते, आतून गरम बनियन घालता आली पाहिजे.

परकर

परकरात कापड आडवे वापरायचे आहे. साडीचा काठ खाली येतो, म्हणून खालची कड दुमडावी लागत नाही. समजा तयार उंची 80 सेंटिमीटर हवी आहे. नेफ्याला 4 आणि दोन आडव्या चुण्यांना 12 धरले की 96 झाले. साडीची रुंदी 110 असेल तर वरचे 14 सेंटिमीटर कापून काढावेत. ती काठाची पट्टी टाकू नये. बंडीच्या गळ्याला व पुढच्या कडेला तीच लावायची आहे. दोन टोके जोडून उभी टीप मारावी, वरचे एक बोटभर सोडून द्यावे, म्हणजे नाडीला तोंड राहील. मग काठाच्या वर हातभर अंतर सोडून दोन चुण्या घालाव्यात. प्रत्येक चुणी तीन सेंटिमीटर खोल असते आणि सहा सेंटिमीटर कापड खाते. शेवटी वर नेफा दुमडून नाडी ओवावी. मुलगी उंच झाली की एक-एक चुणी उसवायची. कपडा बारा सेंटिमीटर वाढतो. पूर्वी घरोघरी असेच करीत, एक परकर तीन बहिणी नेसत.

पोलके व बंडी

पोलके सैल, अर्ध्या बाहीचे आणि पुढे चार बटणांचे करायचे आहे. बंडी बिनबाह्यांची आहे: पाठ एक, पुढचे भाग दोन. साडीचे कापड पातळ असते, म्हणून प्रत्येक भागाखाली मांजरपाटाचे अस्तर ठेवून दोन्ही आधी धावदोऱ्याने एकत्र टाचावेत आणि मग एकच कापड समजून शिवावे. खांदे, मग बाजू, मग काठाची पट्टी, हा क्रम बदलू नये. बगलेच्या गोलाईवर शिवणीत छोट्या कातरी द्याव्यात, नाहीतर तिथे ताण येतो.

सर्वात आधी प्रत्येक प्रकाराचा एकच नमुना शिवून मधल्या मापाच्या मुलाला घालून पाहिला जाईल. तो वर हात करील, खाली बसेल, जिना चढेल. त्यानंतरच बाकीचे कापड कापले जाईल. टीप चुकली तर उसवता येते, कात्री चुकली तर काही करता येत नाही.

कोण काय करील?

कापण्याचे काम ज्या आजी, काकू किंवा शिवणकाम करणारे पालक जाणतात त्यांच्याकडेच राहील. मशीनवरची टीपही मोठ्यांची. परंतु धावदोरा, नाडी ओवणे, बटणे लावणे, हातशिलाई आणि आतून नावाची पट्टी लावणे ही कामे विद्यार्थी करतील, मुलेही आणि मुलीही. बटण लावता येत नाही असा एकही मुलगा सातवीतून बाहेर पडू नये. चार शनिवार, दुपारी, शाळेच्या मोठ्या खोलीत हे काम चालेल. ज्यांच्या घरी शिवणयंत्र आहे आणि जे आणता येण्यासारखे आहे त्यांनी कृपया कळवावे.

एक निवेदन आजींना आहे. शिवताना मुलांशी बोलत राहा. नेफा, अस्तर, घेर, बगल, चुणी, काज हे शब्द आमच्या वर्गांत फळ्यावर लिहून मुलांच्या लक्षात राहत नाहीत. हातात सुई असताना ते आपोआप तोंडी बसतात. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलांना ह्यातले निम्मे शब्द ओळखीचेच वाटतील आणि दोन भाषा शेजारणी आहेत हेही समजेल.

नाट्यगृहात

टोपी किंवा फेटा कोणी घालणार नाही, कारण मागे बसलेल्यांना दिसत नाही. पैंजण, घुंगरू आणि खळखळणाऱ्या बांगड्या नकोत. नाट्यपदाच्या पहिल्या सुरात त्यांचा आवाज फार मोठा होतो. कपड्यांना टिकल्या लावू नयेत, त्या खुर्च्यांवर गळून पडतात. टाचण्या कोणाच्याही कपड्यात राहणार नाहीत हे निघण्याच्या आधी तपासले जाईल. पालकांनी प्रयोग चालू असताना मुलांचे फोटो काढू नयेत. बाहेर निघताना सगळ्यांचा एकत्र फोटो घेऊ.

नंतर

पोशाख घरी जाणार नाहीत. धुऊन, कडुलिंबाचा पाला घालून ते शाळेच्या पेटीत ठेवले जातील. स्नेहसंमेलनात ते उपयोगी पडतील आणि पुढच्या सहावीच्या मुलांना चुण्या घालून-उसवून मापाचे करून देता येतील. नावाच्या पट्टीवर जागा सोडायची आहे, जुन्या नावाखाली नवे नाव येईल.

साड्या महिनाअखेरपर्यंत कार्यालयात मावशींकडे द्याव्यात. साडी नसेल तर एक शनिवार द्यावा, तोही तितकाच मोलाचा आहे. आणि दोन्ही शक्य नसेल तरी आपल्या पाल्याला नाटकाला अवश्य पाठवावे. त्याचा पोशाख तयार असेल.