कच्छी भरतकाम

कच्छी भरतकाम हे गुजरात राज्यातील कच्छ जिल्ह्यात हाताने केले जाणारे पारंपरिक भरतकाम आहे. सुती, रेशमी किंवा लोकरी कापडावर रंगीत दोऱ्यांनी टाके घालून आणि त्यांत आरशाचे लहान तुकडे बसवून ते केले जाते. 'कच्छी भरतकाम' हे एका शैलीचे नाव नाही. रबारी, आहीर, सोढा राजपूत, मेघवाळ, जत, मुतवा अशा अनेक समाजांच्या स्वतंत्र शैलींना बाहेरच्या बाजारपेठेत मिळालेले हे सामूहिक नाव आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हे काम प्रामुख्याने घरच्या वापरासाठी आणि मुलीच्या लग्नात द्यायच्या वस्तूंसाठी होत असे. आज त्याचा मोठा भाग पिशव्या, बटवे, उशांचे अभ्रे, तोरणे, ओढण्या व साड्या यांच्या रूपाने हस्तकला मेळ्यांत आणि प्रदर्शनांत विकला जातो. कच्छी भरतकामास भौगोलिक निर्देशांक प्राप्त झाला आहे.

समाज आणि शैली

कच्छमध्ये पूर्वी पोशाखावरील भरतकाम पाहून स्त्रीचा समाज, पोटशाखा आणि अनेकदा ती विवाहित आहे की नाही हेही ओळखता येत असे. त्यामुळे एका समाजाची नक्षी दुसऱ्या समाजातील स्त्रीने सहसा वापरली जात नसे.

सोढा राजपूत आणि मेघवाळ स्त्रियांची सूफ ही शैली सर्वांत अवघड समजली जाते. तिचा मूळ घटक त्रिकोण असून त्यालाच सूफ म्हणतात. कापडावर काहीही रेखाटलेले नसते. उभे-आडवे धागे मोजून, आणि तेही कापडाच्या उलट्या बाजूने, टाके घातले जातात. सुलट बाजूवरची नक्षी करणारीच्या मनात असते. त्रिकोणांच्या मांडणीतून मोर, फुले व डोंगरासारखे आकार तयार होतात. एखादा धागा मोजण्यात चुकला, तर पुढची सगळी ओळ सरकते आणि उसवावी लागते. डोळ्यांवर येणारा ताण मोठा असल्याने वय वाढल्यावर अनेक स्त्रिया सूफ सोडून मोठ्या टाक्यांच्या कामाकडे वळतात.

खारेक शैलीतही धागे मोजले जातात, परंतु काम सुलट बाजूने होते. आधी काळ्या दोऱ्याने चौकोनांची चौकट आखून घेतात आणि मग खारकेच्या आकारासारख्या पट्ट्यांनी ती भरतात. जुन्या खारेक कामात कापडाचा रंगही दिसत नाही इतके ते गच्च असते. पाको म्हणजे पक्के, भरीव काम. यात चौकोनी साखळी टाका आणि काजटाका प्रमुख असून फुलांच्या आकृत्या पूर्वी सुईच्या टोकाने, मातीच्या पाण्यात बुडवून, कापडावर काढल्या जात.

रबारी हा उंट व मेंढ्या पाळणारा भटका समाज. त्यांच्या कामात आकृतीची कड साखळी टाक्याने काढतात, मग आरसे बसवून ठरावीक क्रमाने रंग भरतात. चोळीच्या शिवणीवर घातलेला शोभेचा बखिया ही रबारी कामाची खास खूण होय. काळ्या लोकरीच्या ओढणीवर, जिला लुडी म्हणतात, हे रंग विशेष उठून दिसतात. गरासिया जत स्त्रिया 'चुरी' या पायघोळ झग्याच्या छातीवरचा भाग फुलीच्या टाक्यांनी आणि बारीक आरशांनी संपूर्ण भरून काढतात. बन्नी या गवताळ प्रदेशातील मुतवा समाजाच्या कामात आरसे आणि टाके इतके सूक्ष्म असतात की त्यांची तुलना दागिन्यांशी केली जाते.

या सर्वांपासून वेगळे असे आरीकाम मोची समाजातील पुरुष करीत. चामड्यावर काम करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आकडीसारख्या सुईने ते रेशमावर बारीक साखळी टाका घालत. हे काम राजघराण्यांसाठी होत असे आणि त्याचा मोबदला पैशात मिळे. बाकीच्या शैलींच्या बाबतीत मात्र भरतकाम आणि पैसा यांचा संबंध अलीकडचा आहे.

लग्नासाठीचे भरतकाम

मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की ती आईजवळ बसून टाके शिकू लागे. सासरी नेण्यासाठी घागरे, चोळ्या, ओढण्या, कोथळी (दोरी ओढून बंद होणारी पिशवी), दारावरचे तोरण, भिंतीवर लावायचे चौकोनी चाकळे आणि बैलांच्या झुली अशा वस्तू तयार कराव्या लागत. महाराष्ट्रातील रुखवताशी याचे काही साम्य आहे. फरक असा की रुखवत लग्नाच्या दिवशी मांडण्यासाठी असते, तर येथे भरलेल्या वस्तू पुढे वर्षानुवर्षे वापरल्या जात. किती भरतकाम न्यायचे याचे प्रमाण समाजाने ठरवलेले असे. ते पूर्ण होईपर्यंत लग्न झालेली मुलगीदेखील माहेरीच राहत असे.

बाजाराशी ओळख

कच्छमध्ये पाऊस अनियमित असून दुष्काळ वारंवार पडतो. अशा वर्षांत घरातील जुने भरतकाम विकून धान्य घेण्याची वेळ अनेक कुटुंबांवर आली. व्यापारी गावोगाव फिरून जुने घागरे, चोळ्या आणि तोरणे अल्प किमतीत विकत घेत. मग ते कापून, तुकडे एकमेकांना जोडून, भिंतीवरची झालर किंवा उशीचे अभ्रे शिवले जात. दिल्लीच्या जनपथावर आणि अहमदाबादच्या लॉ गार्डन भागात विकल्या जाणाऱ्या अशा जोडकामात चार-पाच समाजांचे तुकडे शेजारी-शेजारी दिसतात. घेणाऱ्याला ते 'कच्छी' म्हणून आवडते. ज्या स्त्रीच्या लग्नातली चोळी त्यात कापली गेली, तिला ते कसे दिसत असेल याचा विचार बाजार करीत नाही. 

१९६९ च्या दुष्काळात मदतकार्यासाठी मुंबईहून आलेल्या चंदाबेन श्रॉफ यांना धाणेटी गावातील स्त्रियांच्या अंगावरचे भरतकाम दिसले. फुकट मदत घेण्यास नाखूश असलेल्या या स्त्रियांना त्यांनी भरण्यासाठी साड्या दिल्या आणि त्या साड्या मुंबईतील प्रदर्शनात विकल्या. यातून 'श्रुजन' ही संस्था उभी राहिली. चंदाबेन यांना २००६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धानंतर सिंधमधील थरपारकर भागातून सोढा राजपूत व मेघवाळ कुटुंबे कच्छमध्ये येऊन स्थायिक झाली. जमीन आणि गुरे मागे राहिलेल्या या कुटुंबांतील स्त्रियांना सूफ आणि खारेक हेच उत्पन्नाचे साधन ठरले. पुढे १९८९ मध्ये कच्छ महिला विकास संगठन आणि १९९३ मध्ये सुमरासर शेख येथे 'कला रक्षा' या संस्था स्थापन झाल्या. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर मदतीबरोबर खरेदीदारही मोठ्या संख्येने आले आणि विक्रीसाठीचे भरतकाम जिल्हाभर पसरले.

ढेबरिया रबारींची बंदी

१९९५ मध्ये ढेबरिया रबारी समाजाच्या ज्येष्ठांनी समाजातील स्त्रियांना स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यास बंदी घातली. लग्नासाठी लागणाऱ्या भरतकामाचे प्रमाण इतके वाढले होते की ते पूर्ण करण्यात मुलींची वर्षे जात आणि सासरी जाणे लांबत असे. शिवाय या काळात स्त्रिया मजुरीने भरतकाम करू लागल्या होत्या. एका टाक्याला बाहेर पैसे मिळतात हे कळल्यावर घरासाठी घातलेल्या टाक्याचीही किंमत दिसू लागली, आणि लग्नातील भरतकाम हा खर्च वाटू लागला.

दुसऱ्यांसाठी पैसे घेऊन भरण्यास या बंदीने आडकाठी केली नाही. परिणामी, ज्या नक्षीवरून ढेबरिया स्त्री ओळखली जाई ती तिच्या अंगावरून उतरली, पण शहरातील ग्राहकांच्या पिशव्यांवर राहिली. स्त्रियांनी बंदीतूनही वाट काढली. बाजारात तयार मिळणाऱ्या चकचकीत फिती आणि लेस शिवणयंत्रावर कापडाला जोडून त्यांनी नवीन सजावट सुरू केली. हाताचे टाके नसल्यामुळे ही सजावट नियमात बसत होती. तिला 'हरी-जरी' असे नाव पडले. भादरोई येथील पाबीबेन रबारी यांनी याच फितींच्या कामाच्या पिशव्या तयार करून स्वतःचा उद्योग उभारला.

मेळ्यासाठी वस्तू तयार करणे

विक्रीसाठी भरलेली वस्तू क्वचितच एका हातची असते. संस्था किंवा व्यापारी कापड ठरावीक मापात कापून, त्यावर नक्षी उमटवून, दोऱ्यांच्या लडींसह गावात पोहोचवतात. नक्षी उमटवण्यासाठी कागदावर सुईने भोके पाडून खाका तयार करतात आणि त्यावरून रंग फिरवतात. मोजून करायच्या सूफ आणि खारेक कामात खाका चालत नाही. तेथे कापडाची वीण समान असणे महत्त्वाचे असते, कारण ताणा आणि बाणा यांची जाडी वेगवेगळी असेल तर त्रिकोण एका बाजूला ओढला जातो. भरून झालेले तुकडे परत गोळा होतात, धुतले जातात आणि मग शिंपी त्यांना अस्तर, चेन व बंद लावून पिशवी किंवा बटवा शिवतो.

घरच्या वापरासाठी भरताना पूर्ण कापड झाकले जाई. मेळ्यात विकायच्या वस्तूवर तसे काम केले तर किंमत ग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाते. म्हणून पिशवीच्या झडपेवर एक पट्टी, ओढणीच्या दोन टोकांना किनार, अभ्र्याच्या मध्यभागी एकच चौकोन अशी मांडणी केली जाते. रंगही बदलतात. गडद लाल, पिवळा, हिरवा यांऐवजी शहरी ग्राहकांसाठी फिकट रंगांचे दोरे दिले जातात. भरणाऱ्या स्त्रियांना ते पुष्कळदा फिके आणि उदास वाटतात.

नक्षी कोणी ठरवायची हा यातील वादाचा मुद्दा आहे. बाहेरच्या डिझायनरने आखायचे आणि गावातील स्त्रीने भरायचे, अशी विभागणी झाली की कारागीर केवळ मजूर उरते. या विचारातून अमेरिकन संशोधक ज्युडी फ्रेटर यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये 'कला रक्षा विद्यालय' सुरू झाले. तेथे कारागिरांनाच रंगसंगती, मांडणी आणि बाजारपेठेचे शिक्षण देण्यात येऊ लागले. त्याच धर्तीवर २०१४ मध्ये 'सोमैया कला विद्या' ही संस्था स्थापन झाली.

मजुरी आणि किंमत

मजुरी सामान्यतः नगावर दिली जाते. नवीन नमुना आला की एखादी अनुभवी स्त्री तो भरून पाहते. तिला लागलेल्या तासांवरून दर ठरतो. काही संस्थांमध्ये हा दर ठरवणाऱ्या समितीत कारागीर स्त्रिया असतात. व्यापाऱ्याकडून येणाऱ्या कामात मात्र दर बहुधा सांगितला जातो, विचारला जात नाही.

हिशेब कसा बसतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पिशवीवरील पट्टी भरण्यास १२ तास लागतात. स्वयंपाक, पाणी, गुरे आणि शेती सांभाळून स्त्रीला दिवसाला ४ तास मिळाले तर हे काम ३ दिवसांचे झाले. तासाला ५० रुपये धरले तर भरतकामाचे ६०० रुपये होतात. कापड, दोरा, आरसे आणि शिलाईचे आणखी ३०० धरले तर वस्तू ९०० रुपयांना तयार होते. त्यावर प्रवास, मालवाहतूक, मेळ्यातील राहणे-जेवण आणि न विकल्या गेलेल्या मालात अडकलेले पैसे यांचा भार पडतो, म्हणजे विक्रीची किंमत १२०० ते १४०० रुपये ठेवावी लागते. शेजारच्या दुकानात यंत्रावर भरलेली तशीच दिसणारी पिशवी ३०० रुपयांना असते. घासाघीस करणारा ग्राहक कापडाची किंमत कमी करू शकत नाही. कमी होते ती फक्त तासाची किंमत.

मेळे

हस्तकला मेळ्यांचा हंगाम साधारणपणे दिवाळीच्या आधी सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्यासाठीचा माल उन्हाळ्यापासून तयार करावा लागतो, आणि पाऊस चांगला झाला की शेतीच्या कामांमुळे नेमके तेव्हाच भरणे मागे पडते. हरियाणातील सूरजकुंड मेळा १९८७ पासून भरतो. १९९४ मध्ये सुरू झालेल्या दिल्ली हाटमध्ये कारागिरांना आळीपाळीने थोड्या दिवसांसाठी गाळे दिले जातात. शासकीय मेळ्यांत सहभागी होण्यासाठी केंद्रीय हस्तकला विकास आयुक्तालयाचे 'पहचान' ओळखपत्र उपयोगी पडते. बचत गटांसाठी 'सरस' मेळे भरतात. मुंबईतील 'महालक्ष्मी सरस' हा त्यांपैकी महाराष्ट्रातील प्रमुख मेळा असून त्यात इतर राज्यांचे गटही येतात. कच्छमध्येच २००५ पासून होणाऱ्या रण उत्सवामुळे ग्राहक गावाजवळ आला.

मेळ्यात गाळ्यावर बसणारी व्यक्ती भरणारी स्त्रीच असेल असे नाही. सोढा राजपुतांसारख्या पडदा पाळणाऱ्या समाजांत स्त्रियांनी परगावी जाणे सहज नव्हते, त्यामुळे विक्री घरातील पुरुष किंवा संस्थेचे कार्यकर्ते करीत. ज्या स्त्रिया स्वतः मेळ्यांत जाऊ लागल्या, त्यांना आपली वस्तू कोण घेते, कोणती परत ठेवते आणि शेवटी किती किमतीला जाते हे प्रथमच प्रत्यक्ष पाहता आले.

हातकाम ओळखणे

संगणकीय भरतयंत्रे सूफ, पाको आणि रबारी नक्षींची नक्कल करतात. भौगोलिक निर्देशांकामुळे 'कच्छ भरतकाम' या नावाच्या गैरवापरास कायद्याने आळा घालता येतो. पण टाक्याची नक्कल थांबवणे त्याने शक्य होत नाही. वस्तू उलटून पाहणे ही ओळखण्याची सर्वांत सोपी पद्धत आहे. यंत्राच्या कामात मागील बाजूस एकाच रंगाचा, बहुधा पांढरा, खालचा दोरा सर्वत्र सारखा दिसतो. हाताच्या कामात मागेही पुढचेच रंग असतात, दोरा संपल्याच्या गाठी दिसतात आणि एका फुलाकडून दुसऱ्याकडे गेलेला दोरा आढळतो. खरा आरसा काचेचा असतो. तो थंड व किंचित जड लागतो आणि त्याच्या कडेभोवती दोऱ्याची जाळी घट्ट विणलेली असते. स्वस्त वस्तूंत त्याऐवजी चमकदार प्लॅस्टिकच्या टिकल्या चिकटवलेल्या असतात. पिशवीला अस्तर असेल तर मागील बाजू झाकली जाते. अशा वेळी अस्तराची एखादी शिवण थोडी उघडी ठेवून आतले काम ग्राहकाला दाखवण्याची पद्धत काही विक्रेते पाळतात.