ग्वानाहानीचा किनारा

इ. स. १४९२ च्या ऑगस्टमध्ये कोलंबस तीन जहाजे घेऊन स्पेनहून निघाला. पश्चिमेकडून हिंदुस्थान गाठावयाचा, हा त्याचा मनोदय. १२ ऑक्टोबर रोजी तो बहामा बेटांपैकी ग्वानाहानीवर उतरला आणि हेच ‘इंडीज’, अशा समजुतीने तेथील ताइनो लोकांस त्याने ‘इंडियन’ म्हटले. ते पोहत जहाजांपाशी आले. त्यांनी पोपट व कापसाचे सूत दिले आणि काचेचे मणी घेतले. लोखंड त्यांना अपरिचित होते. पुढे केलेली तलवार त्यांनी पात्याशीच धरली व हात कापून घेतले! अशा सरळ माणसांविषयी कोलंबसाने रोजनिशीत नोंदविले काय, तर ती उत्तम चाकर होतील. पुढे स्पॅनिश लोकांनी त्यांना पकडून हिस्पॅनिओला बेटावरील सोन्याच्या खाणींत राबविले. तीस वर्षांच्या आत बहामा बेटे जवळजवळ ओस पडली.