हाय-रेझोल्यूशन मेटल संगीत आणि तुमचे कान

‘डॉक्टर, फाईल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची आहे, मग कानाला त्रास कसा होईल?’ असे तरुण रुग्ण विचारतात. फाईलच्या दर्जाचा इथे संबंध नाही. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचेच ऐकू येते आणि तेवढे साधी सीडीही देते. इजा होते ती आवाज किती मोठा आणि किती वेळ, यामुळे.

जागतिक आरोग्य संघटनेनुसार प्रौढांना ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम २० मिनिटे उरतात. मेटालिकाचा १९८६ चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’ सुमारे ५५ मिनिटांचा. म्हणजे तिसरे गाणे संपेपर्यंत आठवड्याचा कोटा संपला!

राधानगरी-कोल्हापूर एसटीत इंजिनच्या घरघरीवर मात करायला व्हॉल्यूम नकळत वाढतो. त्या गोंगाटात हाय-रेझचे बारकावे तसेही कळत नाहीत. तोच अल्बम रात्री गावातल्या शांत घरात निम्म्या आवाजात ऐका, गिटारचे थर वेगवेगळे ऐकू येतील.

ऐकल्यावर कानात शिट्टी वाजते, दडे बसल्यासारखे वाटते? अंतर्कर्णातल्या केसपेशी थकल्याची ती खूण आहे, आणि मेलेल्या केसपेशी पुन्हा तयार होत नाहीत. दुसऱ्या दिवशीही त्रास राहिला तर श्रवण तपासणी करून घ्या. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर तेल घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. अशा वेळी उपचार जितके लवकर, तितकी ऐकू येणे परतण्याची शक्यता जास्त.