ज्येष्ठांचं ताट: हलकं असावं, निकस नसावं

वृद्धाश्रम, विरंगुळा केंद्रं आणि एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना घरपोच जाणारे डबे यांचा आठवड्याचा तक्ता बहुधा एकाच समजुतीवर बेतलेला असतो: वय झालं, हालचाल कमी झाली, भूक मंदावली, तेव्हा पातळ वरण, मऊ भात आणि दुधीची भाजी पुरे. यातलं अर्धंच खरं आहे. स्नायू घटतात, फिरणं कमी होतं, त्यामुळे उष्मांकांची गरज खरोखरच उतरते. प्रथिनं, कॅल्शियम आणि बी१२ जीवनसत्त्व यांची गरज मात्र तशी उतरत नाही, उलट प्रथिनं थोडी जास्तच लागतात. म्हणजे खाणं कमी झालं तरी पोषण कमी होऊन चालत नाही. म्हणून घास जितके कमी, तितका प्रत्येक घास कसदार हवा.

हिशेब मांडून पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. वृद्धांच्या पोषणाचे अनेक अभ्यासक हा आकडा १ ते १.२ ग्रॅमपर्यंत नेतात. ६० किलोच्या व्यक्तीला मग दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. अमेरिकेत ज्येष्ठांसाठीच्या सरकारी भोजन योजनेत एका जेवणातून दिवसाच्या पोषणाचा किमान एक तृतीयांश भाग मिळावा असा नियम आहे. तो इथे लावला तर दुपारच्या ताटात २० ग्रॅम प्रथिनं आली पाहिजेत. वाटीभर पातळ वरण आणि भातातून जेमतेम ७-८ ग्रॅम मिळतात. तेच दोन पोळ्या, घट्ट वरण, वाटीभर मटकीची उसळ आणि दही असेल, तर २० ग्रॅमचा टप्पा सहज गाठता येतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो पचनाचा आणि मूत्रपिंडांचा. निरोगी मूत्रपिंडांना एवढ्या प्रथिनांनी इजा होते असा भक्कम पुरावा नाही. जुनाट मूत्रपिंडविकार असलेल्यांचं प्रमाण डॉक्टर ठरवतील आणि त्यांचं ताट वेगळं काढता येईल. पण दोघा-चौघांच्या पथ्यापायी सगळ्यांचं ताट निकस करण्याचं कारण नाही. उसळींचा त्रास बराचसा करण्याच्या पद्धतीतून होतो. कडधान्य रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून, हिंग-आलं घालून मऊ शिजवलं तर ते बऱ्याच जणांना सोसतं. दात नसतील तर कढण, मुगाचं धिरडं किंवा मऊ अंडाभुर्जी आहेच. बी१२ मात्र डाळी-भाज्यांतून मिळत नाही, आणि उतारवयात जठरातलं आम्ल कमी झालं की अन्नातून ते शोषलंही कमी जातं. त्यासाठी दूध, दही, अंडी हवीत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्ततपासणीही.

दुसरा गैरसमज म्हणजे मीठ, तेल, गोड सगळंच बंद. मिठावर नजर हवीच. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवलं आहे, तेव्हा रोजचं लोणचं-पापड टाळणं योग्यच. पण वयानुसार चव आणि वास मंदावतात, आणि बेचव जेवण ताटातच राहतं. जे पोटात गेलंच नाही, ते कितीही पथ्याचं असलं तरी उपयोगाचं नाही. लिंबू, कोकम, जिरं, आलं, कोथिंबीर यांनी कमी मिठातही चव येते. मधुमेहींसाठी वेगळा स्वयंपाक करण्याचीही सहसा गरज नसते. भात थोडा, उसळ-भाजी जास्त हे वाढप बहुतेकांना मानवतं. तहानही मंदावते, म्हणून जेवणासोबत पाणी किंवा कमी मिठाचं ताक आवर्जून द्यावं.

खर्चाचा मुद्दा उरतो, आणि तो रास्त आहे. पण मटकी, मूग, शेंगदाणे, नाचणी ही महागडी पूरकं नाहीत, रोजच्या वाणसामानातलीच आहेत. नाचणीत तांदूळ-गव्हापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम असतं. भात थोडा कमी करून उसळ वाढवली तर ताटाची किंमत फारशी वाढत नाही. खरी बदलायला हवी ती मोजणी. किती ताटं वाढली याची नोंद बहुतेक ठिकाणी असते. किती अन्न परत आलं आणि महिन्याला कोणाचं वजन घटलं, याचीही व्हायला हवी. विनाकारण घटणारं वजन ही वयाची स्वाभाविक खूण समजून सोडून देऊ नये. तो इशारा असतो, आणि त्याचं उत्तर पुष्कळदा स्वयंपाकघरातच सापडतं.