भुंगे नेमके किती?

भुंग्यांचा एक थवा बागेत शिरला. थव्याचा पाचवा हिस्सा कदंबाच्या फुलांवर बसला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर. या दोन हिश्श्यांत जेवढा फरक, त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांकडे वळले. उरला एकटाच भुंगा. त्याला केवड्याचाही वास खुणावतोय, मालतीचाही, म्हणून तो मधल्या मध्ये घिरट्या घालतोय. तर भुंगे एकूण किती?

हे कोडं भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं, ११५० सालचं. चाळीसगावजवळच्या पाटणे गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला, असं त्यात कोरलंय. आजोबांचं गणित नातवाने असं जपलं!

आता थव्याला ‘क्ष’ म्हणू.

क्ष/५ + क्ष/३ + ३(क्ष/३ − क्ष/५) + १ = क्ष

अपूर्णांक बघून पोटात गोळा आला? थांबा. छेद दोनच आहेत, ५ आणि ३. त्यांचा लसावि १५. समीकरणाच्या दोन्ही बाजू सारख्या असतात, तेव्हा दोन्हींना १५ ने गुणलं तरी त्या सारख्याच राहणार. गुणून टाका!

३क्ष + ५क्ष + ६क्ष + १५ = १५क्ष

सगळे छेद एका फटक्यात गायब! १४क्ष + १५ = १५क्ष, म्हणजे क्ष = १५. पडताळून बघा: ३, ५, ६ आणि तो एकटा.

त्या एकट्यालाही १५ ने गुणलंय, हे पाहिलंत ना? पुष्कळ जण त्यालाच विसरतात. मग उत्तर येतं, क्ष = १. एकाच भुंग्याचा पाचवा हिस्सा कदंबावर कसा बसेल बरं?

भास्कराचार्यांची रीत तर मला फारच आवडते. तिचं नाव इष्टकर्म. सोयीची कुठलीही संख्या धरायची. समजा, भुंगे ३०. मग ६, १० आणि १२ गेले, उरले २. पण उरायला हवा १, म्हणजे निम्मा. मग थवाही निम्मा, १५! थवा केवढाही धरा, उरणारा हिस्सा कायम पंधरावाच असतो, म्हणून ही युक्ती चालते. ६० धरून बघाच.

आणि हे तुमच्यासाठी. इजिप्तमधल्या आहमेस नावाच्या लेखनिकाने साडेतीन हजार वर्षांपूर्वी पपायरसवर उतरवलेलं गणित: एका संख्येत तिचाच सातवा हिस्सा मिळवला, तर १९ होतात. ती संख्या कोणती? उत्तर पूर्णांकात येणार नाही, पण येईल मात्र नक्की.