साप ओळखावा, पण कशासाठीं ?

मृगाच्या सरी पडून बिळांत पाणी शिरलें कीं साप वर येतात. पुढें सोयाबीनच्या ढिगाखालीं, कपाशीच्या ओळींत, कडब्याच्या गंजींत आणि रात्रपाळीच्या विजेवर हरभऱ्यास पाणी देतांना बांधावर त्यांची व आपली गांठ पडते. त्या वेळीं कित्येक जण दिसेल तो साप ठेचतात, तर कित्येक “धामणच आहे” म्हणून हात पुढें करतात. दोन्ही चुका नुकसानीच्याच होत. २००० ते २०१९ या काळांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें दगावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज २०२० सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत खेड्यांतील लोकांचाच भरणा फार.

अमरावती-अकोल्याकडे जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस (हिलाच कोठें कोठें परड म्हणतात) व फुरसें.

नाग फण्यावरून ओळखतो खरा. पण चिडल्याशिवाय तो फणा काढीत नाहीं. तेव्हां फणा दिसला नाहीं एवढ्यावरून त्यास धामण समजूं नये. धामणीचे डोळे मोठे, ओठांवर उभ्या काळ्या रेघा व चाल अतिशय चपळ असते.

मण्यार व बिनविषारी कवड्या यांची गफलत नेहमींची. मण्यारीचें अंग निळसर काळें व तकतकीत असून त्यावर बारीक पांढरे आडवे पट्टे, बहुधा जोडीजोडीनें, असतात. ते मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्याचें उलट : रंग तपकिरी, पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे फिके.

घोणशीचें डोकें त्रिकोणी, मान बारीक आणि पाठीवर साखळीसारख्या लांबट ठिपक्यांच्या तीन रांगा असतात. चिडली म्हणजे ती लोहाराच्या भात्यासारखी फुसफुसते. डुरक्या घोणस बिनविषारी. तिचे ठिपके वेडेवांकडे व एकमेकांत मिसळलेले, शेपूट आंखूड. फुरसें जेमतेम हातभर, डोक्यावर बाणासारखी खूण. वेटोळीं एकमेकांवर घासून तें करवतीसारखा आवाज करतें.

“त्रिकोणी डोकें तो विषारी” हा नियम मात्र सोडून द्यावा. नाग व मण्यार यांचें डोकें तसें नसतें. “दोन दांतांची खूण असली तरच विष” हेंही खरें नव्हे. मण्यारीच्या दंशाची खूण पुष्कळदां दिसतही नाहीं.

मग या ओळखीचा उपयोग काय ? उंदरांचा फडशा पाडणारी धामण वांचते, तो शेताचा लाभ. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें सापांस संरक्षण आहे. दुसरें, कोणता साप कोठें व केव्हां भेटतो हें कळून सावधगिरी घेतां येते. मण्यार रात्रीं हिंडते व जमिनीवर निजलेल्यास डसते. वेदना नसल्यानें तो पुन्हां झोंपतो. मग पोट दुखूं लागतें, पापण्या जड होतात आणि पुढें श्वास अडतो. म्हणून निजावयास खाट घ्यावी व मच्छरदाणी अंथरुणाखालीं खोंचावी. शेतांत बूट व विजेरी असावी. ढीग हातानें नव्हे, काठीनें उचलावा.

परंतु दंश झाल्यावर ही विद्या बाजूस ठेवावी. ढिगाखालून डसून गेलेला साप डुरक्या होता कीं घोणस, हें अंधारांत जाणत्यासही सांगतां येत नाहीं. मांत्रिकाचें यश येथेंच आहे : कवड्या किंवा विरोळा चावलेला मनुष्य मंत्राशिवायही बरा होतोच, आणि विषारी साप कधीं कधीं विष न सोडतांच चावतो. त्याच विश्वासावर पुढें मण्यार डसलेला मनुष्य पारावर निजवला जातो आणि मोलाचे तास निघून जातात.

घोड्याच्या रक्तापासून होणारें प्रतिसर्पविष या चारही सापांवर एकच आहे. म्हणून साप मारून दवाखान्यांत नेण्याची जरुरी नाहीं. करकचून दोरी बांधूं नये, जखम कापूं नये, चोखूं नये. डसलेला अवयव फळकुटानें स्थिर करून, रोग्यास चालूं न देतां, तडक सरकारी रुग्णालय गांठावें. औषध द्यावयाचें कीं नाहीं हें वैद्य लक्षणें पाहून ठरवतील.

साप ओळखावा तो दंश टाळण्यासाठीं. दंश झाल्यावर रुग्णालयास जावें कीं न जावें हें ठरवण्यासाठीं नव्हे.